आजोबांचा पुतळा मळ्यात उभा करायचाय, दगड घ्यावा, ब्राँझ की फायबर?

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला, सोबतचा फोटोपण बघितला. आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. निफाड तालुक्यात तुमचा द्राक्षाचा मळा आहे, घरासमोर मोकळं अंगण आहे आणि तिथं आजोबांचा पूर्ण उंचीचा पुतळा बसवायचाय, उजव्या हातात काठी आणि डावा हात पुढे करून तळव्यावर द्राक्षाचा घड. मित्र म्हणतो मार्बल घ्या, ग्रीक पुतळ्यांसारखं पांढरंशुभ्र दिसेल. काका म्हणतात आपला काळा दगडच घ्या, वेरूळचं कैलास बाराशे वर्षं उभं आहे. आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो फायबर करून ब्राँझचा रंग मारून देतो, कुणाला कळणारसुद्धा नाही. तुम्ही विचारलंय की यातलं सगळ्यात टिकाऊ कुठलं, आणि एकच काहीतरी सगळ्यात टिकाऊ असेल तर जगभर लोकांनी वेगवेगळी मटेरियल का वापरली.

मी गेली सव्वीस वर्षं नाशकात हेच काम करतोय, माती, साचे, ओतकाम, मधली काही वर्षं दगडावरही हात चालवला. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न टिकाऊपणाचा नाहीये. खरा प्रश्न तो पुढे केलेला डावा हात आहे.

सांगतो कसं ते. दगडावर वरून कितीही वजन ठेवा, तो सहन करतो, म्हणून देवळांचे खांब उभे राहतात. पण दगड ओढला किंवा वाकवला की तुटतो. माणसाच्या मापाचा एक हात काळ्या दगडात केला तर नुसत्या हाताचं वजन १०-१२ किलो भरतं, त्यात घड आला, आणि हे सगळं खांद्याजवळच्या एका वितीच्या जागेवर लोंबकळत राहणार. आज नाही तुटणार, पण एखादं पोर लोंबकळलं किंवा शिडी लागली की गेला. गंमत बघा, पोकळ ब्राँझचा हातसुद्धा वजनाला जवळपास तेवढाच भरतो, फरक वजनाचा नाहीच, ब्राँझ ताण सहन करतं आणि दगड करत नाही एवढाच आहे.

आणि जगातल्या शिल्पकारांनी हजारो वर्षं याच एका गोष्टीशी झटापट केलेली आहे. इजिप्तमध्ये खाफ्रे राजाचा बसलेला पुतळा आहे, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, त्याचे हात मांडीला चिकटलेले, पाय आसनाला चिकटलेले, कुठे म्हणून पोकळी ठेवलेली नाही. त्यांच्याकडे लोखंडी छिन्नी नव्हती, कठीण दगडाच्या गोळ्यांनी ठोकून आणि वाळूने घासून त्यांनी तो काढला, आणि अशा हत्यारांनी दगड जेवढा देतो तेवढंच त्यांनी मागितलं. उभे पुतळेसुद्धा बघा, एक पाय पुढे असतो पण दोन पायांच्या मधला दगड तसाच ठेवलेला असतो आणि पाठीला खांब असतो.

ग्रीक लोकांचं वेगळं. तुमच्या मित्राला जे पांढरे ग्रीक पुतळे आठवतात ना, त्यातले बरेच मुळात ब्राँझचे होते आणि आपण बघतो त्या रोमन लोकांनी मार्बलमध्ये केलेल्या नकला आहेत. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लायटसचा भालाधारी घ्या, मूळ ब्राँझ कधीच नाहीसं झालं, नेपल्सच्या म्युझियममध्ये पॉम्पेईत सापडलेली मार्बलची प्रत आहे, आणि त्या प्रतीत पायामागे झाडाचा बुंधा आहे. मार्बलमध्ये घोट्यावर सगळं वजन पेलवेना म्हणून नकल करणाऱ्यांना असे बुंधे मध्ये घालावे लागायचे. आणि मार्बलचेही जे असली ग्रीक पुतळे होते ते पांढरे नव्हतेच, रंगवलेले होते, रंग उडाला आणि मग लोकांना वाटायला लागलं की पांढरं म्हणजेच ग्रीक.

मायकेलअँजेलोचा डेव्हिड तर सगळ्यांनी फोटोत बघितलेला असतो, उजव्या पायामागे बुंधा आहे बघा. तो दगड आधी दुसऱ्या शिल्पकाराने १४६४ साली सुरू करून सोडलेला, पडून राहिलेला, १५०१ मध्ये याच्या हातात आला तेव्हा जेवढी जाडी शिल्लक होती त्यातच ५.१७ मीटरची आकृती बसवायची होती. एवढं करूनही आज त्याच्या घोट्यांत बारीक तडे आहेतच.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त आवडतं. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर, ९८१ सालचा, ग्रॅनाइटचा, ५७ फुटांचा. त्याच्या पायामागे मांड्यांपर्यंत वारुळं कोरलीयेत, अंगावर वेली चढल्यात. कथेत ते तपश्चर्येचं चिन्ह आहे, इतका काळ उभा राहिला की अंगाभोवती वारूळ वाढलं. पण मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा शिल्पकाराच्या नजरेने बघितलं आणि अंगावर काटा आला, कारण ती वारुळं म्हणजेच त्या मूर्तीचा आधार आहेत. ज्याने केलं त्याने आधारालाच अर्थ दिला. आपल्या जिल्ह्यात मांगीतुंगीची १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती बघितली असेल, डोंगरातच कोरलेली, २०१६ मध्ये पूर्ण झाली, तिचेही हात सरळ खाली आहेत.

उलट नटराज आठवा. चार हात फाकलेले, एक पाय हवेत, भोवती ज्वाळांचं कडं. चोळ काळात तामिळनाडूत हे ब्राँझमध्ये ओतलं म्हणून एका पायावर सुटं उभं राहू शकलं. तोच नाचणारा शिव बदामीच्या पहिल्या लेण्यात अठरा हातांचा आहे पण भिंतीला चिकटून, कारण तिथं तो दगडात आहे. देव तोच, नाच तोच, मटेरियल बदललं की उभं राहण्याची पद्धत बदलली.

म्हणून तुम्ही आधी मटेरियल ठरवून मग त्यात फोटोतली पोझ बसवायला गेलात तर फसाल. पोझ पक्की असेल तर मटेरियल जवळपास ठरलेलंच आहे, आणि मटेरियल पक्कं असेल तर पोझ बदलावी लागेल.

आता जागेचं बोलू, कारण बरंचसं त्याच्यावर अवलंबून आहे. तुमच्या अंगणापासून बाग किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण द्राक्षाची बाग म्हणजे फवारणीचा ब्लोअर फिरणार, मोरचूद-चुन्याचं बोर्डो हे बुरशीचं औषध उडणार, गंधक उडणार. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका बागायतदाराच्या पॅकहाउससमोर मार्बलचा अर्धपुतळा बसवला होता, खूप मन लावून केलेलं काम होतं. चार-पाच पावसाळ्यांनी बघायला गेलो तर खांद्यावर निळसर-हिरवे ओघळ, कानाच्या पाळीजवळ बोट फिरवलं की साखरेसारखे कण हाताला लागत होते, आणि चौथऱ्याजवळ पिवळे डाग. मार्बल म्हणजे एका परीने चुनाच, आंबट काहीही लागलं की तो खायला सुरुवात होते. पिवळे डाग हळदीचे होते, घरच्या बायका रोज हळदकुंकू वाहत होत्या आणि मी हे आधी विचारलंच नव्हतं. मार्बल हळद शोषून घेतो, मग ती निघत नाही. त्या कामानंतर मी उघड्यावर मार्बल करणं बंद केलं, आणि पहिला प्रश्न हाच विचारतो की पुतळ्याला रोज हात कोण लावणार. तुमच्या घरी आजी आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या रोज सकाळी पाया पडणार, पाणी घालणार, फूल वाहणार, हे धरून चाला. ब्राँझला हाताने फारसं काही होत नाही, जिथं हात लागतो तिथं ते चकाकतं. रोमला सेंट पीटरच्या ब्राँझच्या पुतळ्याचा पाय शतकानुशतकं भाविकांच्या हातांनी आणि ओठांनी झिजून बोटं सपाट झालीयेत, पण ते लोकांना खटकत नाही. काळ्या दगडाला तर तेल-पाणी चालतंच, आपल्या देवळांत काय बघतो आपण.

काळ्या दगडाबद्दल काकांचं म्हणणं चुकीचं नाही. नाशिककराला दुसरीकडे बघायची गरजच नाही, पांडवलेणी दोन हजार वर्षांची, सिन्नरचं गोंदेश्वर, पंचवटीतला काळाराम, सगळं याच दगडात. पण दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे कैलास डोंगरातून वरून खाली कोरत आणलंय, ते उभं केलेलं नाहीये, डोंगर त्याला धरून आहे. तुमचा पुतळा सुटा दगड असणार, घोटे बारीक असणार. दुसरं, आपला दगड लाव्हाचा आहे, लाव्हात वाफेचे बुडबुडे अडकलेले असतात आणि त्यात नंतर स्फटिक भरलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये जाऊन बघा, काय सुंदर दिसतात ते, पण तेच स्फटिक चेहऱ्यात निघाले की काम संपलं. माझ्याबरोबर झालंय. एका वृद्ध बाईंचा अर्धपुतळा करत होतो, दीड महिना काम झालेलं, डाव्या डोळ्याखाली छिन्नी लागली आणि सुपारीएवढा पांढरा खडा उघडा पडला. बुजवून रंगवता आला असता, तसं सुचवणारेही भेटले, पण मी तो दगड सोडला आणि नवीन घेतला, पैसे माझे गेले. तेव्हापासून दगड घेताना अनुभवी पाथरवटाला बरोबर नेतो, तो हातोडीने वाजवून बघतो, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा किंवा पोकळी. शिवाय दगड ओला करून बघायचा, बारीक भेग असेल तर बाकीचा दगड वाळतो आणि भेग ओली राहते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. लोकांनी बहुतेक वेळा पायाखाली जे होतं तेच वापरलं आणि त्यातूनच त्यांची शैली घडली. कर्नाटकात बेलूर-हळेबीडला होयसळ राजांच्या काळात जो दगड वापरला तो खाणीतून काढल्यावर मऊ असतो, नंतर हवेत कडक होतो, म्हणून तिथल्या मूर्तींच्या दागिन्यांतला मणी न् मणी सुटा दिसतो. ते आपल्या दगडात करायला गेलं तर मणी उडतील, म्हणून आपल्याकडची शिल्पं भरीव, मोठ्या घडणीची, आणि मला तर त्यातच जास्त ताकद वाटते. ईस्टर बेटावरचे मोआई नावाचे पुतळे ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाचे, तो तुलनेने मऊ, दगडी हत्यारांनी कोरता येतो. मथुरेला लाल वाळूचा दगड, गांधारात शिस्ट नावाचा थराथरांचा दगड. अपवाद आहेतच, खाफ्रेचा दगड शेकडो किलोमीटर लांबच्या वाळवंटातून आणलेला, राजाला परवडतं. आणि टिकाऊपणा सगळ्यांना हवाच असतो असंही नाही, पुरीचा जगन्नाथ कडुनिंबाच्या लाकडाचा आहे, ठरावीक वर्षांनी नवा करतात, १९९६ नंतर २०१५ ला केला. तिथं जुनं जाऊन नवं येणं हाच विधी आहे. लाकडाचं तुम्ही विचारलं नाहीये आणि मळ्यात वाळवी असतेच, त्यामुळे पुढे जातो.

ब्राँझ. आपण मोहेंजोदडोच्या त्या साडेदहा सेंटिमीटरच्या नर्तकीपासून हे करतोय, मेणाची प्रतिकृती, भोवती माती, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. बाराव्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथात कृती लिहिलेली आहे, मेणाच्या आठपट पितळ घ्या असं. आजही आमचा हिशोब तोच आहे, मेण वजन करायचं आणि आठ-नऊ पट धातू भट्टीत टाकायचा, वर वाया जाणारा वेगळा. तुमच्या पुतळ्यासाठी आधी मातीत पूर्ण मॉडेल होईल, मग साचा, मग मेण, मग तुकड्यांत ओतकाम, मग वेल्डिंग आणि छिन्नीने जोड मिटवणं, शेवटी रंग काढणं. रंग म्हणजे पेंट नव्हे, केमिकल मारून तापवून धातूलाच रंग आणतात, आणि त्यातलं मुख्य केमिकल गंधकाचंच असतं, त्यामुळे तुमच्या बागेतल्या गंधकाने ब्राँझ थोडं अजून काळवंडेल एवढंच. बोर्डोचे डाग मात्र वर्षातून एकदा साध्या पाण्याने धुवून वर मेणाचा हात मारावा लागेल. पुण्यात वि. पां. करमरकरांनी केलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ पासून उघड्यावर आहे, जाऊन बघून या.

ब्राँझमध्ये कुठे फसवणूक होते ते पण सांगतो. पहिलं मिश्रण. पितळालाही लोक सर्रास ब्राँझ म्हणतात, आफ्रिकेतल्या बेनिनची जी प्रसिद्ध ब्राँझ आहेत तीही बहुतेक पितळच आहेत आणि ती अप्रतिम आहेत, त्यामुळे पितळ वाईट असं नाही, पण पैसे कशाचे देतोय ते लिहून घ्या. आम्ही साधारण ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ असं घेतो. दुसरं जाडी, ६ ते ८ मिलिमीटर सगळीकडे हवी, भंगाराचा भाव वाढला की ती पातळ व्हायला लागते. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं आतला सांगाडा. न्यूयॉर्कचा लिबर्टीचा पुतळा १८८६ चा, तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर, आपल्या तांबट लोकांसारखा ठोकून घडवलेला, आणि आत लोखंडी पट्ट्या. तांबं आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागले की लोखंड झपाट्याने गंजतं. मध्ये घातलेला थर कालांतराने कुजला आणि शंभर वर्षांच्या आत सगळ्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या टाकाव्या लागल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मालवणचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळल्यापासून आतल्या सांगाड्याबद्दल लोक विचारायला लागलेत, हे चांगलंच झालं. तुमच्या पुतळ्यात काठी, हात आणि पाय यांच्या आत स्टेनलेसच हवं, दोन्ही पायांतून रॉड चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये खोल गेलेले हवेत आणि टाचेपाशी पाणी निघायला बारीक भोक हवं, नाहीतर आत साठतं.

आणि चोरीचं. प्राचीन ग्रीसची बहुतेक ब्राँझ वितळवली गेली, आज जी आहेत त्यातली काही चांगली तर समुद्राच्या तळाशी सापडलेली, इटलीत रियाचेला १९७२ मध्ये दोन मिळाली, पाण्यात होती म्हणूनच वाचली. तुमच्याकडे विहिरीवरच्या केबली तांब्यासाठी चोरीला जातात, तेव्हा हे मला वेगळं सांगायला नको. सुटी काठी देऊ नका, हाताला आणि जमिनीला जोडूनच ओता.

फायबर थोडक्यात. वजनाला हलकं, स्वस्त, साच्यातून हवं ते येतं, पुढे केलेला हातही येईल. पण तो ब्राँझचा रंग उन्हाने खडूसारखा होतो, निफाडची थंडी आणि मे महिन्याचं ऊन या दोन्हींत जोड उघडतात, दर काही वर्षांनी परत रंगवावा लागतो आणि प्रत्येक वेळी रंगवणारा वेगळा असतो, दोन-तीनदा झालं की डोळे आणि ओठ आजोबांचे राहत नाहीत. घरात किंवा छपराखाली असेल तर मी स्वतः फायबर करून देतो, उघड्यावर नाही. फरक कळणार नाही हे म्हणणंही खरं नाही, बोटाने टकटक केलं की कळतं.

तर एवढं सगळं धरून माझं मत. पोझ तीच ठेवायची असेल तर ब्राँझ, दुसरा पर्याय नाही. बजेट तेवढं नसेल, आणि पूर्णाकृती ब्राँझला बरंच लागतं, तांब्याच्या भावावर रोज बदलतं, तर पूर्णाकृती फायबर करण्यापेक्षा ब्राँझचा अर्धपुतळा करा, अडीच फुटाला साधारण ४०-५० किलो धातू लागेल. काकांच्या मनात दगडच असेल तर काळ्या दगडात बसलेले आजोबा करा, दोन्ही हात काठीवर, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये आणि तिच्यामागचा दगड तसाच ठेवायचा. घड मांडीवर ठेवता येईल. ही पोझ दगडाला शोभते, आणि तुम्हीच लिहिलंय की संध्याकाळी ते ओट्यावर असे बसायचे, मग मला तर ती पुढे केलेल्या हातापेक्षा जास्त खरी वाटते. मार्बल नको.

अंगण तुमचंच आहे, तरी ग्रामपंचायतीत एकदा विचारून घ्या. पुढे कधी शाळेसमोर किंवा चौकात हलवायचा विचार असेल तर शासनाची परवानगी लागते, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यताही लागते, ते ओतकामाच्या आधीच करावं लागतं.

कोणाकडूनही काम करून घ्या, पण मातीचं मॉडेल झालं की ओतायला देण्याआधी आजींना घेऊन या आणि त्यांना एकटीला त्याच्यासमोर दहा मिनिटं बसू द्या. मुलं-नातवंडं म्हणतात छान झालंय, आजी सांगतात की उजवा खांदा थोडा खाली असायचा. मातीत खांदा पाच मिनिटांत खाली येतो. आणि फोटो शोधताना फक्त समोरचे शोधू नका, बाजूचा हवा, कान दिसणारा हवा, आणि लग्नाच्या कुठल्या अल्बममध्ये पाठमोरे उभे असलेले सापडले तर तो फोटो आधी पाठवा. पटका बांधायचे की टोपी घालायचे हेही कळवा, पटका असेल आणि घरात अजून जपून ठेवलेला असेल तर तो धुवू नका, घड्या तशाच राहू द्या.